‘सदर’, ‘किंवा कसे’ आणि एक कोष्टक : रचित भाषांतील दर्शक व प्रश्नार्थक शब्द

रचित भाषांचा इतिहास बहुधा शब्दसंग्रहाच्या अंगाने सांगितला जातो. कोणत्या भाषेतून किती धातू घेतले, कोणते प्रत्यय लावले, किती नामे नव्याने घडवली याची मोजदाद करता येते, आणि जे मोजता येते ते इतिहासात लवकर शिरते. वस्तुतः भाषा घडवू पाहणाऱ्याची खरी परीक्षा नामांत होत नाही. नाम उसने घेता येते. ‘स्टेशन’ आणि ‘टेबल’ मराठीने घेतले आणि त्यामुळे मराठीच्या अंतर्गत रचनेला धक्का लागला नाही. ‘हा’, ‘तो’, ‘जो’, ‘कोण’, ‘कुठे’, ‘का’ या शब्दांचे तसे नाही. त्यांची संख्या थोडी, त्यांचा वर्ग बंद, आणि त्यांना स्वतःचा असा आशय जवळजवळ नाही. ‘इथे’ म्हणजे कुठे, हे बोलणारा जिथे उभा आहे त्यावरून ठरते. कार्ल ब्यूलर याने १९३४ मध्ये भाषेच्या निर्देशक्षेत्राची मांडणी केली तेव्हा ‘मी–इथे–आता’ हा बिंदू त्याने त्या क्षेत्राचा आरंभबिंदू मानला. हा बिंदू कोणाच्या ठायी ठेवावा, याचा निर्णय भाषा घडवणाऱ्याला हे शब्द रचताना, कळत वा नकळत, घ्यावाच लागतो.

सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी हे या दृष्टीने सोयीचे ठिकाण आहे. पुणे–सोलापूर हमरस्त्यावरचे माढा तालुक्यातील हे गाव फाट्याचे गाव म्हणून ओळखले जाते. पंढरपूरला जाणारी वाहने येथे वळतात, कुर्डुवाडी–बार्शीची वाट येथूनच निघते, अकलूजलाही येथून जाता येते. जिथे रस्ते फुटतात तिथे दर्शक आणि प्रश्नार्थक शब्दांना दिवसभर काम असते. ‘ह्यो रस्ता कुटं जातो?’, ‘पंढरपूरची गाडी हितं लागती का तितं?’ ही तेथील बोली. त्याच फाट्यावर, त्याच माणसांसाठी लावलेल्या शासकीय फलकावर मात्र ‘सदर मार्गावरील’ अशी सुरुवात असते. ‘ह्यो’ आणि ‘सदर’ हे दोन्ही दर्शकच. पहिल्याच्या उच्चाराबरोबर हात उचलला जातो. दुसऱ्याबरोबर कोणाचाही हात उचलला जात नाही. हा फरक कोठून आला हे पाहण्यासाठी प्रथम टेंभुर्णीपासून दूर, वॉर्सापर्यंत जावे लागते.

लुडविक झामेनहोफ याने आपल्या भाषेचे पहिले पुस्तक जुलै १८८७ मध्ये वॉर्सा येथे रशियन भाषेत प्रसिद्ध केले. लेखकाचे नाव दिले होते ‘डॉक्टर एस्पेरांतो’, आणि पुढे तेच भाषेचे नाव झाले. एस्पेरांतोचे सोळा नियम सर्वांच्या परिचयाचे आहेत. पण तिच्यातील सर्वांत धाडसी रचना नियमांत नसून एका कोष्टकात आहे. पाच आरंभ आणि नऊ शेवट यांच्या गुणाकारातून झामेनहोफने पंचेचाळीस शब्द सिद्ध केले. ‘कि’ प्रश्नाचा, ‘ति’ दर्शकाचा, नुसता ‘इ’ अनिश्चिताचा, ‘चि’ सर्वसमावेशक, ‘नेनि’ निषेधाचा. शेवटाला ‘उ’ लावला की व्यक्ती, ‘ओ’ लावला की वस्तू, ‘ए’ म्हणजे स्थळ, ‘एल’ म्हणजे रीत, ‘आल’ म्हणजे कारण, ‘ओम’ म्हणजे परिमाण. म्हणून ‘किए’ म्हणजे कुठे, ‘तिए’ म्हणजे तिथे, ‘नेनिए’ म्हणजे कुठेच नाही. ‘किआल’ म्हणजे का, ‘तिआल’ म्हणजे त्या कारणाने.

या कोष्टकाचा एक लहानसा इतिहास आहे, आणि रचित भाषांच्या अभ्यासकाने तो विसरता कामा नये. १८८७ च्या पुस्तकात काळवाचक शब्दांचा शेवट ‘आन’ असा होता. केव्हा म्हणजे ‘किआन’, तेव्हा म्हणजे ‘तिआन’. पण याच भाषेत कर्मविभक्तीचा प्रत्यय ‘न’ आहे, आणि ‘कसला’ या अर्थाचा शब्द ‘किआ’ आहे. ‘किआ’ला विभक्ती लागली की ‘किआन’ होणार. म्हणजे ‘केव्हा’ आणि ‘कसल्याला’ एकच! झामेनहोफने पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, ‘आन’च्या जागी ‘आम’ आणून ही चूक दुरुस्त केली. पुढे भाषेत ढवळाढवळ करण्याच्या मागण्या अनेक झाल्या आणि त्या बहुतेक फेटाळल्या गेल्या. पण हे एक डागडुजीचे काम निर्मात्याला स्वतः करावे लागले, आणि ते याच कोष्टकात. नामांच्या यादीत दोन शब्दांची गाठ पडली तर श्लेष होतो. दर्शक आणि प्रश्नार्थकांत ती पडली तर वाक्यच उभे राहत नाही.

मराठी वाचकाला या कोष्टकात दोन गोष्टी खटकाव्यात. पहिली अशी की त्यात जवळचे आणि दूरचे असा भेद मूळ रचनेत नाही. ‘तिउ’ म्हणजे तो. ‘हा’ म्हणायचे झाल्यास त्याला ‘चि’ हा सुटा शब्द जोडावा लागतो. मराठीत ‘हा’ आणि ‘तो’ हे बरोबरीचे भाऊ. एस्पेरांतोत ‘हा’ हा ‘तो’चा आश्रित. दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. झामेनहोफच्या ‘कि’ मालिकेवर दोन कामांचा भार आहे : प्रश्नाचा आणि संबंधाचा. ‘कोण आला?’ यातला ‘कोण’ आणि ‘जो आला तो’ यातला ‘जो’ दोन्ही ‘किउ’च. युरोपातील बहुतेक भाषांत प्रश्नार्थकच संबंधी सर्वनामाचे काम करते, आणि झामेनहोफ त्या भाषांतला माणूस होता. सर्व जगासाठी भाषा घडवणाऱ्याची जन्मभूमी त्याच्या नामांपेक्षा त्याच्या ‘कोण’मध्ये अधिक स्पष्ट दिसते. (त्याच्या आधी, १८७९ मध्ये, व्होलाप्यूक रचणाऱ्या श्लायरने ‘हा’ आणि ‘तो’साठी ‘आत’ आणि ‘एत’ असा नुसता स्वरांचा भेद योजला होता, तो बोलताना ऐकू येणे किती कठीण, हे सांगायला नको.)

१९०७ च्या सुमारास एस्पेरांतोतून ‘इदो’ ही सुधारित भाषा फुटून निघाली तेव्हा सुधारकांचा एक मोठा आक्षेप याच कोष्टकावर होता. किए, तिए, चिए, इए हे सगळे शब्द एकमेकांसारखे, म्हणून कानाला गोंधळात टाकणारे. त्याऐवजी लॅटिन कुळातील ओळखीचे शब्द घ्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. नियमितपणा शिकायला सोपा, पण बोलायला सोपा असतोच असे नाही, हा मुद्दा त्या वादातून पुढे आला. तो मुद्दा संस्कृताच्या परंपरेला मात्र नवा नव्हता. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात पाणिनीने ‘त्र’, ‘तस्’, ‘दा’, ‘था’ हे प्रत्यय सर्वनामांना लावून कुत्र–तत्र–यत्र, कुतः–ततः–यतः, कदा–तदा–यदा अशा माळा सिद्ध केल्या आहेत. हे झामेनहोफच्या कोष्टकाचेच तत्त्व. फरक इतकाच की पाणिनी रचत नव्हता, पाहत होता. म्हणून त्याला ‘इह’साठी, ‘क्व’साठी, ‘इत्थम्’साठी वेगळी सूत्रे करावी लागली. जिवंत भाषा कोष्टक मांडते आणि तिथेच ते एखाद्या घरात मोडते.

मराठीत हे फार चांगले दिसते. असा–तसा–जसा–कसा, एवढा–तेवढा–जेवढा–केवढा या ओळी निर्दोष. पण इतका–तितका–जितका यांच्यापुढे ‘कितका’ नसून ‘किती’. तेव्हा–जेव्हा–केव्हा यांच्या अलीकडे ‘आता’. इथे–तिथे–जिथे यांच्यापुढे ‘किथे’ नव्हे, ‘कुठे’. यादवकालीन मराठीत ही ठेवण अधिक सुबक होती : ऐसा–तैसा–जैसा–कैसा, इतुला–तितुला–जितुला. ज्ञानदेवांची उपमा या ‘जैसा–तैसा’च्या खांबांवरच उभी आहे. दोन जगांना समोरासमोर ठेवण्याची सोय भाषेच्या कोष्टकातच होती आणि ओवीने ती पुरेपूर वापरली. ‘ज’ची स्वतंत्र ओळ नसलेल्या भाषेत ज्ञानेश्वरीचा अनुवाद करणाऱ्याला प्रत्येक उपमेच्या दाराशी प्रश्नार्थक उभे करावे लागते, याची जाणीव अनुवादाच्या चर्चेत क्वचितच दिसते.

टेंभुर्णीच्या बोलीत या कोष्टकाची दुरुस्ती लोकांनी परस्पर केलेली आढळते. प्रमाण मराठीत ‘हा’ मध्ये ‘ह’ आहे, पण ‘इथे’ आणि ‘इकडे’ यांत नाही. बोलीत ‘हितं’, ‘हिकडं’. म्हणजे ‘ह्यो’चा ‘ह’ त्याच्या ओळीतल्या इतर घरांतही नेऊन बसवला, असे मानण्यास जागा आहे. ‘तवा–जवा–कवा’ ही ओळ तर प्रमाण भाषेपेक्षा आखूड आणि तितकीच सरळ. अशुद्ध म्हणून शाळेत ज्याची छाटणी होते ते ‘हितं’ हे झामेनहोफच्या तत्त्वाने पाहता ‘इथे’हून अधिक शुद्ध ठरते! ‘ज’ची ओळ मात्र या बोलीत क्षीण आहे. ‘जो माणूस काल आला तो’ असे म्हणण्यापेक्षा ‘काल आल्याला मानूस’ असे म्हणण्याकडे कल अधिक. याचे एक कारण शेजारात शोधता येते. सोलापूर हा कन्नड सीमेवरचा जिल्हा, आणि शहरातील विणकरांमुळे तेलुगूचाही. कन्नडमध्ये इल्लि–अल्लि–एल्लि म्हणजे इथे–तिथे–कुठे. हीगे–हागे–हेगे म्हणजे असे–तसे–कसे. इष्टु–अष्टु–एष्टु म्हणजे इतके–तितके–किती. तेलुगूत इक्कड–अक्कड–एक्कड. जवळ, दूर आणि प्रश्न यांची वाटणी केवळ आरंभीच्या स्वरावर. रॉबर्ट कॉल्डवेल याने द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण १८५६ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही व्यवस्था अभ्यासकांना ठाऊक आहे. या भाषांत ‘जो’ची स्वतंत्र ओळ मुळात नाही, ते काम धातुसाधित विशेषण करते. एका जिल्ह्याच्या बाजारात अशी तीन कोष्टके रोज एकमेकांना भेटतात, आणि त्यांपैकी कोणतेही कोणी बसून रचलेले नाही.

रचित भाषेचे या भागाशी एक नाते आणखी आहे. टिबोर सेकेल या युगोस्लाव प्रवाशाकडून विनोबा भावे यांनी पदयात्रेच्या काळात एस्पेरांतो शिकून घेतली होती. याच पदयात्रेत, १९५८ मध्ये, सर्वोदय संमेलनाच्या निमित्ताने विनोबा पंढरपुरात होते आणि अन्यधर्मीय सहकाऱ्यांसह विठ्ठलमंदिरात गेले होते. ‘जय जगत्’ म्हणणाऱ्याला जगाची भाषा शिकावीशी वाटावी हे स्वाभाविक; परंतु पुढे त्यांचा जाहीर आग्रह राहिला तो समान भाषेचा नव्हे, समान लिपीचा. अनेक भाषा आतून जाणणाऱ्या माणसाने नागरी लिपीपाशी थांबावे, हे अर्थपूर्ण आहे. लिपी बाहेरून देता येते. ‘हा’ आणि ‘कोण’ बाहेरून देणे कठीण.

मग मराठीत ते कोणी दिले नाहीत काय? दिले, मात्र त्या प्रयत्नाला कोणी भाषानिर्मिती म्हटले नाही. मराठीची एक रचित भाषा आहे आणि ती रोज लिहिली जाते : कचेरीची भाषा. तिचा इतिहास सांगताना शिवराज्याभिषेकानंतर सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशापासून आरंभ करण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच. त्या कोशाचे वर्ग पाहावेत : राजवर्ग, दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग. फारसी पदनामे, वस्तुनामे आणि व्यवहारनामे यांना संस्कृत प्रतिशब्द. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली तिचाही रोख नामांवर. ‘तारीख’ जाऊन ‘दिनांक’ आला. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. वाद झाला तोही नामांविषयीच. हे शब्द संस्कृतप्रचुर आहेत, ते लोकांना कळत नाहीत, असा आक्षेप गेली सहा दशके घेतला जातो. आक्षेप खरा आहे, पण उथळ आहे. ‘अधीक्षक’ हा शब्द कठीण असेल, पण माणूस तो दोन खेपांत शिकतो. जे शिकता येत नाही ते या भाषेच्या दर्शकांत आहे.

मोडी कागदपत्रांत ‘मौजे मजकूर’, ‘कसबे मजकूर’, ‘साल मजकूर’ असे जागोजाग येते. मजकूर म्हणजे उल्लेखिलेला. ‘सदरहू’ म्हणजे वर आलेला. हे दर्शक आहेत, पण त्यांचा निर्देश गावाकडे किंवा सालाकडे नाही. कागदावर आधी जे लिहिले आहे त्याकडे आहे. पुढे ‘मजकूर’ या शब्दाचे मराठीत जे झाले ते मोठे बोलके आहे : त्याचा अर्थच ‘लिहिलेले’ असा झाला. दर्शक बोटाचा कागद झाला. इंग्रजी अमदानीत कायद्याच्या ‘उपरिनिर्दिष्ट’ला मराठी प्रतिशब्द हवा होता तेव्हा ‘सदर’ तयारच होता. राज्यस्थापनेनंतर त्याच्या जोडीला ‘उपरोक्त’, ‘उक्त’, ‘प्रस्तुत’, ‘एतदर्थ’, ‘तदनुसार’, ‘याद्वारे’, ‘यथास्थिती’ आले. दिनांकाचा हट्ट धरणाऱ्या शुद्धीला ‘सदर’ खुपला नाही. तो आजही प्रत्येक शासन निर्णयात आहे.

या रचनेला एक समर्थन आहे आणि ते द्यायलाच हवे. लिहिणारा आणि वाचणारा एका ठिकाणी नसतात. दहा वर्षांनी दुसऱ्या गावी वाचल्या जाणाऱ्या दस्तात ‘ही जमीन’ म्हणून भागत नाही, म्हणून चतुःसीमा लिहावी लागते आणि मग ‘सदर जमीन’ म्हणावे लागते. एस्पेरांतोही आरंभी पत्रांची भाषा होती. तिचे बोलणारे पहिल्या जागतिक संमेलनात मोठ्या संख्येने समोरासमोर आले ते १९०५ मध्ये. पण कागदावर अठरा वर्षे काढूनही तिच्या कोष्टकात ‘किए’ आणि ‘किआल’ होतेच. शिवाय होय–नाही प्रश्नासाठी ‘चु’ हा पोलिश वळणाचा स्वतंत्र शब्द होता. मराठी कचेरीच्या भाषेने संस्कृताच्या कोष्टकातून उचल केली ती ‘एतद्’, ‘तद्’ आणि ‘यथा’ या ओळींची. ‘किम्’ची ओळ तिने घेतलीच नाही. संस्कृत ‘क’चे जे शब्द एकूण मराठीत रुळले, कदाचित, क्वचित, किंचित, ते सारे अनिश्चिताचे; प्रश्नाचा त्यांत एकही नाही.

‘ज’च्या ओळीचे काय झाले, हे अधिक खेदाचे. ओवीतील ‘जैसे–तैसे’ ज्या सांध्यावर उभे होते त्याच सांध्यावर अधिसूचनेतील ‘ज्याअर्थी–त्याअर्थी’ उभे आहे. इंग्रजी अधिसूचनेची उपपत्तीची कलमे मराठीत आणण्यासाठी ही जोडी घडवली गेली आणि ती व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ज्ञानदेवांच्या ‘जैसे’नंतर श्रोत्याला ओळखीचे काही दाखवले जाते. ‘ज्याअर्थी’नंतर आलेले त्याला ठाऊक असण्याची अपेक्षाच नसते, ते शासनाला वाटलेले असते.

आणि प्रश्न? शासकीय नमुना हा सगळा प्रश्नांचाच बनलेला असतो, तरी त्यात प्रश्नार्थक शब्द नसतो. ‘तुमचे नाव काय?’ याचे ‘अर्जदाराचे नाव’ होते, ‘कुठे राहता?’ याचे ‘पत्ता’, ‘का?’ याचे ‘कारण’, आणि पुढे एक विसर्ग आणि रिकामी जागा. जिथे प्रश्न टाळताच येत नाही तिथे ‘किंवा कसे’ येते : ‘सदर व्यक्ती पात्र आहे किंवा कसे, याबाबत अहवाल सादर करावा.’ येथे ‘कसे’ हे रीत विचारत नाही. ते ‘नाही’चा सभ्य पर्याय म्हणून आले आहे. ‘किंवा’ची व्युत्पत्ती पाहिली तर तोही मुळात ‘किम् वा’. म्हणजे एका पदबंधात दोन प्रश्नार्थक बसलेले असून प्रश्न एकही नाही, अशी ही रचना आहे. शिवाय ती वरच्या कार्यालयाने खालच्या कार्यालयाला विचारायची. अर्जदाराच्या तोंडी ‘किंवा कसे’ शोभत नाही. त्याने विनंती करायची.

टेंभुर्णीच्या परिसरात हे केवळ शैलीचे प्रकरण राहिले नाही. गावापासून जवळच भीमेवर उजनी धरण आहे. त्याचे काम १९६९ मध्ये सुरू होऊन १९८० मध्ये पुरे झाले आणि नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. भूसंपादन तेव्हा १८९४ च्या कायद्याने होत असे. तो कायदा २०१४ पासून नव्या कायद्याने मागे सारला. जुन्या पद्धतीच्या नोटिशीचा साचा ठरलेला : वर्णन आणि चतुःसीमा, मग सार्वजनिक प्रयोजन, मग सदर जमिनीत हितसंबंध असणाऱ्यांनी हजर राहण्याविषयी आज्ञा. जो शेतकरी त्या जमिनीत उभा राहून ‘ही माझी’ म्हणतो, त्याचे ‘ही’ या साच्यात बसू शकत नाही. जमिनीला ‘सदर’ म्हटले की तिच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार कागदाकडे जातो. गट क्रमांकाशिवाय तिच्याविषयी बोलता येत नाही. आणि ‘आमचीच का?’ या प्रश्नाला साच्यात घरच नाही. हरकत घेता येते; पण हरकत हे नाम आहे, प्रश्न नव्हे.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला प्रथमच विचारण्याचा हक्क दिला, असे म्हटले गेले, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. कोणी, केव्हा, किती, कुठे या प्रश्नांची उत्तरे अभिलेखात असतात, ती मागता येतात. परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एप्रिल २००८ मध्ये ‘माहिती’ या संज्ञेचा अर्थ लावताना ‘का’ या प्रश्नाचे उत्तर तीत येत नाही असा निर्वाळा दिला. कारण मागणे म्हणजे समर्थन मागणे, आणि समर्थन ही माहिती नव्हे. कायद्याच्या अर्थनिर्णयाच्या दृष्टीने या भूमिकेला आधार असेल. भाषेच्या अभ्यासकाला त्यात कोष्टकातील एक घर रीतसर बंद झालेले दिसते.

झामेनहोफच्या कोष्टकात कारणाला संपूर्ण ओळ आहे : किआल, तिआल, इआल, चिआल, नेनिआल. बोलीतल्या मराठीत कारणाची ओळ नेहमीच अर्धी राहिली. ‘का’ आहे, पण त्याच्या जोडीला ‘ता’ नाही, ‘म्हणून’ आहे. कचेरीच्या मराठीने ही ओळ उलट बाजूने पुरी केली. कारण या अर्थाचा अरबी ‘सबब’ तिने घेतला आणि आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदाच्या आरंभी बसवला : ‘सबब, खालीलप्रमाणे आदेश देण्यात येत आहे.’ त्याचा अर्थ ‘त्या कारणाने’. झामेनहोफच्या भाषेत सांगायचे तर तिच्याकडे ‘तिआल’ आहे, ‘किआल’ नाही. टेंभुर्णीच्या बोलीत ‘सबब’ हा शब्द आजही आहे, पण वेगळ्या अर्थाने. तिथे सबब म्हणजे खोटे कारण. ती सांगितली जाते, आणि ऐकणारा ‘कशापायी?’ म्हणून पुन्हा विचारतो.